लॉ स्कूलच्या अर्जाची फी माफ होते, आधी विचारलं तर

अमेरिकेत लॉ स्कूलच्या खर्चाचा विषय निघाला की बोलणं लगेच तीन वर्षांच्या ट्यूशनवर जातं, मग कर्जावर, मग स्कॉलरशिपवर. ते आकडे मोठे आहेतच. पण नुसता अर्ज करायलाच जे पैसे लागतात त्याबद्दल आपल्या मंडळींत कुणी चकार शब्द काढत नाही, आणि आमच्यासारख्या घरातली किती माणसं तो हिशोब बघून पुढचा विचारच सोडून देतात.

मी हे सगळं २०२४ च्या उन्हाळ्यात सुरू केलं, पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी. त्या वर्षीचे दर सांगते. जवळजवळ सगळा कारभार लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिल, म्हणजे एलसॅक या संस्थेमार्फत चालतो. एलसॅट या प्रवेश परीक्षेची फी २३८ डॉलर. तुमच्या मार्कलिस्टा, शिफारसपत्रं आणि परीक्षेचे गुण एकत्र करून ठेवणारी त्यांची सेवा आहे, तिला सगळे कॅस म्हणतात, तिचे २०७ डॉलर. तिथून प्रत्येक लॉ स्कूलला तुमचा रिपोर्ट जातो, त्या एकेका रिपोर्टचे ४५ डॉलर. आणि एवढं झाल्यावर लॉ स्कूलची स्वतःची अर्जाची फी, ती बहुतेक ठिकाणी ६० ते ८५ डॉलरच्या दरम्यान. हार्वर्डसारख्या ठिकाणी ८५.

आता एका वेळची परीक्षा आणि दहा अर्ज धरा. परीक्षा आणि कॅस मिळून ४४५, रिपोर्टचे ४५०, अर्जांचे सरासरी ७५ धरले तरी ७५०. झाले १,६४५ डॉलर. त्या वर्षी न्यू जर्सीत किमान वेतन होतं तासाला १५ डॉलर १३ सेंट. म्हणजे किमान वेतनावर काम करणाऱ्या माणसाची शंभराहून जास्त तासांची मजुरी, तीही टॅक्स कापायच्या आधीची. हातात काय पडणार, तर 'तुमचा अर्ज मिळाला' असा एक ईमेल. प्रवेशाची हमी नाही.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नवरा वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, मी एका इमिग्रेशन वकीलबाईंच्या छोट्या ऑफिसात अर्धवेळ काम करते, मुलगी शाळेत. ग्रीन कार्ड नवऱ्याच्या घरच्यांमार्फत मिळालं, त्यामुळे आयटीवाल्यांचे पगार आमच्याकडे कधीच नव्हते. एडिसन म्हटलं की लोकांना ओक ट्री रोडवरची दुकानं आणि मोठमोठे बंगले दिसतात. त्या दुकानांच्या मागच्या बाजूच्या अपार्टमेंटांत आमच्यासारखी बरीच कुटुंबं राहतात. मी हे लिहितेय ते त्यांच्यासाठी.

फी माफीच्या कामाची मला ओळख होती ती ऑफिसामुळे. आमच्याकडे येणारी कितीतरी माणसं सिटिझनशिपचा एन-४०० फॉर्म भरायला येतात. एप्रिल २०२४ पासून त्याची फी कागदावर भरला तर ७६० आणि ऑनलाइन ७१० डॉलर झाली. ज्यांचं घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत आहे त्यांच्यासाठी आय-९१२ हा फॉर्म असतो, तो भरला आणि पुरावे जोडले की फी माफ होऊ शकते. हे फॉर्म मी अनेकांचे भरले आहेत. समोरची व्यक्ती पगाराची स्लिप पर्समधून काढते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो ते मी रोज पाहते. एक आजी तर टॅक्सचे कागद पदराखाली धरून आल्या होत्या. त्यामुळे माझी स्वतःची पाळी आली तेव्हा मला दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. पहिली म्हणजे माफी ही नियमात बसवून ठेवलेली सोय असते, कुणाच्या मर्जीवर नसते. दुसरी म्हणजे ती मागायची वेळ पैसे भरायच्या आधीची असते.

एलसॅकच्या माफीला ही दुसरी गोष्ट तंतोतंत लागू पडते. खातं उघडायला पैसे पडत नाहीत. खातं उघडलं की परीक्षेला नाव नोंदवायच्या आधी फी माफीचा अर्ज करायचा. आधी कार्ड चालवलं आणि नंतर माफी मंजूर झाली, तर भरलेले पैसे परत येत नाहीत. परीक्षेच्या नोंदणीची मुदत जवळ आली की माणूस घाबरून पैसे भरून टाकतो, म्हणून हे काम परीक्षेच्या कितीतरी आधी हाती घ्यायला हवं.

कोणाला मिळते? अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डवाले, 'डाका' असलेली मुलं (म्हणजे लहानपणी कागदपत्रांशिवाय इथे आणलेली, आणि त्या सरकारी योजनेखाली राहायची परवानगी मिळालेली), असे काही गट ठरलेले आहेत. कॅनडाच्या नागरिकांनाही मिळते. एफ-वन व्हिसावर येऊ पाहणाऱ्या भारतातल्या विद्यार्थ्यांना ही एलसॅकची माफी मिळत नाही. त्यांच्यासाठी दुसरे रस्ते आहेत, ते शेवटी सांगते. उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या आकड्यांवरून काढतात, पण ती त्या रेषेच्या बरीच वर असते, आणि इथेच आपली माणसं चुकीचा अंदाज बांधून बसतात. २०२४ मध्ये तिघांच्या कुटुंबाची रेषा २५,८२० डॉलर होती. आमचं दोघांचं मिळून उत्पन्न त्याच्या दुपटीच्या जवळ जात होतं आणि तरी आम्ही बसलो. फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यालाच माफी मिळते असं मला निदान तिघींनी ठासून सांगितलं होतं. तसं नाही.

माफीचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात दोन वेळा एलसॅट, कॅसची नोंदणी आणि सहा लॉ स्कूलांना रिपोर्ट. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे उत्पन्न थोडं जास्त असेल तर, एक एलसॅट, कॅस आणि तीन रिपोर्ट. दोन्हीत त्यांच्या लॉहब या सरावाच्या साइटची पैसे भरून मिळणारी आवृत्ती वर्षभर फुकट. मंजूर झालेली माफी दोन वर्षं चालते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की एलसॅकची माफी ज्याच्याकडे आहे त्याला कितीतरी लॉ स्कूलं स्वतःची अर्जाची फीसुद्धा आपोआप माफ करतात. एका मंजुरीने एवढी सगळी कामं होतात, म्हणून सुरुवात इथूनच करायची.

घरात मात्र हे सरळ झालं नाही. टॅक्सचा रिटर्न आम्ही जोडीने भरतो, त्यामुळे रिटर्नचा १०४० फॉर्म आणि दोघांचे डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीने दिलेली वर्षाच्या पगाराची पत्रकं, जोडायचे तर नवऱ्याची संमती हवी. त्याचं म्हणणं होतं, "ओव्हरटाइम करतो, दोन महिन्यांत भरू. कशाला कुणापुढे कागद ठेवायचे?" सासरे त्या वेळी आमच्याकडे आले होते. ते साताऱ्यात एसटीत कंडक्टर होते, सरळमार्गी माणूस. त्यांना वेगळीच काळजी. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, सरकारी मदत घेतली म्हणून उद्या सिटिझनशिपला अडवतील. आमच्या ओळखीतल्याला अडवलंय."

ही भीती मी ऑफिसातही रोज ऐकते, म्हणून तिचं उत्तर नीट देते. एलसॅक ही ना-नफा तत्त्वावर चालणारी खासगी संस्था आहे. तिने स्वतःची फी माफ केली म्हणजे सरकारने तुम्हाला मदत केली असं होत नाही. 'पब्लिक चार्ज' म्हणून जो नियम लोक सांगतात, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का हे बघण्याचा, तो मुख्यतः ग्रीन कार्डाच्या किंवा व्हिसाच्या वेळी बघतात. नागरिकत्वाच्या अर्जाला तो लागूच नाही. असता तर त्या अर्जासाठी सरकारने स्वतःच फी माफीचा फॉर्म कशाला काढला असता? हे मी सासऱ्यांना आय-९१२ चा कोरा फॉर्म हातात देऊन सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, घडी घातली आणि मुलाला म्हणाले, "दे तिला कागद."

नवऱ्याचा मुद्दा भीतीचा नव्हता, स्वाभिमानाचा होता, आणि मला तो मान्य आहे. पण ओव्हरटाइमचे ते पैसे मला मुलीच्या दाताच्या तारांसाठी हवे होते. स्वाभिमान कुठे खर्च करायचा हेही घराने ठरवायला हवं ना? मी त्याला एवढंच सांगितलं की ज्या संस्थेने मर्यादा आखली तिने ती आपल्यासारख्यांना धरूनच आखली आहे. आपण त्या मर्यादेत बसतो, म्हणून मागतो. खोटं काही लिहीत नाही.

प्रत्यक्ष अर्जात फार काही अवघड नाही. १०४० फॉर्मच्या अकराव्या ओळीवर 'अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम' असतं, तो आकडा लागतो. घरात किती माणसं, बँकेत किती शिल्लक, कुणावर कुणाचा भार, असे प्रश्न. लहान वयाच्या, आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलांना आईवडिलांची माहितीही द्यावी लागते, तेव्हा घरात आधीच बोलून ठेवावं. पानं सगळी स्कॅन करायची, फक्त पहिलं पान नाही. सही केलेली प्रत असेल तर तीच द्यायची. आकडे रिटर्नमध्ये आहेत तसेच लिहायचे, अंदाजे गोल करायचे नाहीत. अर्ज आणि रिटर्न यांत फरक दिसला की फाइल अडकते, हे मी आमच्या ऑफिसात इतक्या वेळा पाहिलंय की तो आकडा मी बोट ठेवून वाचला. मला पहिल्या टप्प्याची माफी मिळाली. नकार आला असता तर अपील करायचीही सोय होती.

माझी पदवी कोल्हापूरची, शिवाजी विद्यापीठाची बी. कॉम. परदेशी पदवीवाल्यांसाठी इथे एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्या मार्कलिस्टांचं मूल्यमापन कॅसमध्येच होतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजे कॅस माफ झालं की तेही माफ. बाहेरच्या एजन्सीकडून मार्कलिस्ट तपासून घ्यायला लोक आधीच पैसे घालतात, जेडीच्या, म्हणजे इथल्या तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीच्या, अर्जासाठी त्याची गरज नाही. इथल्यासारखा जीपीए, म्हणजे गुणांच्या सरासरीचा आकडा, आपल्याला ते देत नाहीत. 'सुपीरियर', 'अबव्ह अ‍ॅव्हरेज', 'अ‍ॅव्हरेज', 'बिलो अ‍ॅव्हरेज' अशा चार पायऱ्यांपैकी एक शेरा देतात. मला 'अबव्ह अ‍ॅव्हरेज' मिळाला.

पण माझं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं अधिकृत गुणपत्रक, विद्यापीठाकडून थेट एलसॅकच्या पेनसिल्व्हेनियातल्या न्यूटाउनच्या ऑफिसला, सीलबंद पाकिटात जावं लागलं आणि त्याचा खर्च कुणी माफ करत नाही. माझा धाकटा भाऊ एलसॅकचा फॉर्म प्रिंट करून विद्यापीठात गेला, ट्रान्सक्रिप्टची फी भरली, पाकिटाच्या जोडावर शिक्का नीट उमटलाय ना याचा फोटो मला पाठवला, मगच ते कुरिअरला दिलं. विद्यापीठाच्या जांभळ्या शिक्क्याचा तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. आंतरराष्ट्रीय कुरिअरचे पैसे त्याने माझ्याकडून घेतले नाहीत. हे छोटे खर्च कुठल्याच यादीत नसतात, ते गृहीत धरून बाजूला काढून ठेवावेत.

परीक्षा ऑगस्ट २०२४ मध्ये दिली. त्याच महिन्यापासून एलसॅटमधला कोड्यांचा भाग, ज्याला सगळे लॉजिक गेम्स म्हणायचे, तो कायमचा गेला. तर्काचे दोन भाग, वाचनाचा एक आणि एक गुण न धरला जाणारा, असं स्वरूप झालं. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांना वाचन जड जातं हे खरं, पण लॉहबवर जुने पेपर फुकट मिळाल्यामुळे मला क्लास लावावा लागला नाही. मुलगी झोपल्यावर डायनिंग टेबलवर बसून एकेक भाग सोडवायचा आणि चुकलेल्या प्रश्नाखाली का चुकलं ते मराठीत लिहायचं, ही माझी पद्धत.

गुण आले आणि फी माफीचा दुसरा अंक सुरू झाला. एलसॅकच्या खात्यात कँडिडेट रेफरल सर्व्हिस नावाचा एक पर्याय असतो. तो चालू केला की लॉ स्कूलं तुमचे गुण, राज्य, पदवी वगैरे बघून स्वतःहून संपर्क करू शकतात. तो चालू करायला पैसे पडत नाहीत. गुण लागल्यावर काही दिवसांत ईमेल यायला लागतात, 'तुम्हाला आमच्याकडे अर्ज करायचं आमंत्रण, फी माफ'. यात उत्पन्नाचा संबंध नसतो, गुणांचा असतो. मला इथला जीपीए नसल्यामुळे असेल, पण माझ्या ऑफिसातल्या इथेच शिकलेल्या मुलीला जितके आले तितके मला आले नाहीत. तरी आले.

या ईमेलबद्दल सावध करते. असं पत्र आलं म्हणजे प्रवेश जवळजवळ झाला असं अजिबात नाही. शाळांना जास्त अर्ज हवे असतात. जास्त अर्ज आले की त्यांना निवड करायला वाव मिळतो, आणि किती टक्के अर्जांना प्रवेश दिला हा आकडाही खाली येतो. तो आकडा त्यांच्या दृष्टीने मोलाचा असतो. म्हणून ज्या गावाला तुम्ही जाणारच नाही तिथे केवळ फी माफ आहे म्हणून अर्ज करू नका. त्या अर्जालाही रिपोर्ट लागतो, आणि शाळेच्या माफीत रिपोर्टचे ४५ डॉलर सहसा धरलेले नसतात. 'फ्री अ‍ॅप्लिकेशन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला अर्ज ४५ डॉलरला पडतो तो असा. माझ्याकडे एलसॅकचे सहा मोफत रिपोर्ट होते. ते मी आधी माझ्या यादीतल्या वरच्या सहा शाळांसाठी राखून ठेवले आणि आलेल्या आमंत्रणांपैकी फक्त ज्या शाळेत संध्याकाळचे वर्ग होते तेवढ्याच बघितल्या.

शरद ऋतूत न्यूयॉर्कला एलसॅकचा लॉ स्कूल फोरम भरतो. प्रवेश फुकट, नाव आधी नोंदवायचं. मेट्रोपार्कहून ट्रेनने पेन स्टेशनला गेले. एका मोठ्या हॉलमध्ये देशभरातल्या लॉ स्कूलांची टेबलं, प्रत्येकामागे प्रवेश विभागाचं माणूस. गर्दी बहुतेक बावीस-तेवीसच्या मुलामुलींची, सूटबूट घातलेली. मी सलवार-कमीजवर कोट घातला होता. तिथे मला जे दिसलं ते हे की बरीच टेबलं येणाऱ्याला फी माफी देतच असतात. काहींनी क्यूआर कोड ठेवला होता, तो स्कॅन करून नाव आणि एलसॅक नंबर टाकायचा. काहींनी कोड छापलेलं कार्ड दिलं. पण काही टेबलांवर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि तिथे विचारावं लागलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मी अभ्यासक्रमाचं बोलून झाल्यावर सरळ विचारायचे, "इथे आलेल्यांसाठी अर्जाची फी माफ होते का?" एका बाईंनी लगेच टॅबलेट पुढे केला. एका गृहस्थांनी नाही म्हणून सांगितलं, पण आर्थिक कारणासाठी वेगळा फॉर्म आहे, तो कुठे आहे ते त्यांनी माझ्याच वहीत लिहून दिलं. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. नवऱ्याला हे मी घरी येऊन आवर्जून सांगितलं.

ज्या शाळांची माफी आपोआप लागू होत नव्हती त्यांना ईमेल लिहिले. आमच्या वकीलबाईंनी पहिला मसुदा बघून अर्धा खोडून टाकला. मी कोल्हापूरपासूनची सगळी कथा लिहिली होती. त्यांचं म्हणणं, ती कथा तुझ्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, घाल, इथे ऑफिसातल्या माणसाला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: तू कोण, काय हवंय, कशाच्या आधारावर. मग राहिलं ते असं. मी येत्या सत्रासाठी संध्याकाळच्या वर्गाला अर्ज करणार आहे, माझा एलसॅक नंबर हा. मला एलसॅकची पहिल्या टप्प्याची माफी मंजूर आहे, पत्र जोडलं आहे. तिच्या आधारे तुमच्याकडची फी माफ होऊ शकेल का, आणि होत नसेल तर आर्थिक कारणासाठी कुठला फॉर्म भरावा? मी इमिग्रेशनच्या कामात आहे आणि तुमच्या इमिग्रेशन क्लिनिकसाठी (जिथे विद्यार्थी खऱ्या अशिलांची कामं करतात) अर्ज करते आहे. धन्यवाद. एवढंच. शेवटचं वाक्य प्रत्येक शाळेला वेगळं, कारण ते खरं असलं पाहिजे.

बहुतेकांची उत्तरं चांगली आली. एका शाळेकडून उत्तर आलंच नाही, मुदत संपत आली तेव्हा फोन केला तर फोनवरच्या मुलीने खात्यात माफी टाकून दिली. एकीने स्वच्छ नकार दिला. त्या शाळेसाठी पैसे भरायचे की नाही यावर आम्ही दोघं बोललो आणि नाही भरायचं ठरवलं. फी माफी मागितल्याचा निवडीवर परिणाम होत नाही असं बऱ्याच शाळा आपल्या साइटवर लिहितातच. ते कुठे दिसलं नाही तरी विचारायला हरकत नाही. फी बघणारा कारकून आणि फाइल वाचणारी समिती यांचं काम वेगळं असतं.

आणखी काही सोयी आहेत. सैन्यात असलेल्यांना किंवा पूर्वी होते त्यांना, पीस कॉर्प्स, अमेरिकॉर्प्स, टीच फॉर अमेरिका अशा सेवेच्या उपक्रमांत काम केलेल्यांना अनेक शाळा फी माफ करतात. आपल्या दुसऱ्या पिढीतली बरीच मुलं अमेरिकॉर्प्समध्ये वर्षभर काम करतात आणि त्यांना हे ठाऊकही नसतं.

अर्ज पाठवायच्या वेळी शेवटच्या पानावर पैशांचा तक्ता येतो. माफी लागू झाली असेल तर तिथे अर्जाच्या फीसमोर शून्य दिसतं. कोड हाताने टाकायचा असेल तर तोही याच पानावर. शून्य दिसल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. एका शाळेच्या अर्जावर मला माफी मिळाल्याचा ईमेल येऊनही पूर्ण फी दिसत होती. मी तो अर्ज तसाच ठेवला, प्रवेश विभागाला स्क्रीनचा फोटो पाठवला आणि दोन दिवसांनी परत उघडला तर आकडा बदलला होता. शेवटच्या रात्री अर्ज करणाऱ्याला हे दोन दिवस मिळत नाहीत.

राहायचं एडिसनला, दिवसा काम, म्हणून माझा डोळा पहिल्यापासून न्यूअर्कवर होता. तिथे रटगर्स आणि सीटन हॉल अशी दोन लॉ स्कूलं आहेत आणि दोन्हीकडे अर्धवेळ शिकता येतं. आमच्या वकीलबाई रटगर्सच्या, त्या नेहमी सांगतात की रूथ बेडर गिन्सबर्ग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश व्हायच्या कितीतरी आधी, १९६३ ते १९७२, न्यूअर्कला शिकवत होत्या. मी आता न्यूअर्कलाच जाते. संध्याकाळी सहाला वर्ग, रात्री उशिराची ट्रेन. कुठल्या शाळेत ते लिहीत नाही, कारण या लेखाचा तो विषय नाही.

प्रवेश मिळाल्यावर जागा राखायला डिपॉझिट मागतात. काहीशे डॉलरची गोष्ट असते, आणि पुढे ती रक्कम फीमध्ये वळती होते, पण ती भरायची तारीख कर्ज मंजूर व्हायच्या आधीची असते. माफीच्या पत्रांमुळे सवय झाली होती म्हणून मी इथेही ईमेल केला. पूर्ण माफ झालं नाही. निम्मं कमी केलं आणि उरलेल्याला महिनाभराची मुदत दिली. डिपॉझिटचंही विचारता येतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता भारतातून अर्ज करणाऱ्यांचं. माझी नणंद पुण्यात असते, तिच्या मुलीने तिथेच एलएलबी केलंय आणि तिला इकडे एलएलएमला यायचं आहे. त्या भाचीने मला विचारलं, मामीकडे, म्हणजे माझ्याकडे, काही युक्ती आहे का. एलसॅकची माफी तिला मिळणार नाही, ती इथे राहणाऱ्यांसाठी आणि ठरावीक गटांसाठी आहे. पण लॉ स्कूलची स्वतःची फी माफ करायला नागरिकत्व आडवं येतंच असं नाही. एलएलएमच्या ऑनलाइन माहिती सत्रांना हजर राहणाऱ्यांना काही शाळा फी माफीचा कोड देतात. सत्राला नाव नोंदवताना जो ईमेल दिला तोच पुढे अर्जात द्यायचा, नाहीतर कोड जुळत नाही. मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शिक्षण संस्थेचं एज्युकेशनयूएसए हे सल्ला केंद्र आहे, तिथल्या मेळ्यांना शाळांची माणसं येतात, त्यांनाही समोरासमोर विचारता येतं. तिला मी माझाच तीन गोष्टींचा मसुदा पाठवला, फक्त एलसॅकच्या पत्राच्या जागी वडिलांचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र आणि रुपये-डॉलरचा हिशोब एका ओळीत घालायला सांगितलं.

पहिली दोन उत्तरं आली आहेत, एक हो आणि एक नाही. तिसऱ्या शाळेचं माहिती सत्र येत्या गुरुवारी भारतातल्या रात्री साडेनऊला आहे. त्याला दोघी मिळून बसणार आहोत, ती पुण्यातून आणि मी ऑफिसातून.